खोली कुठल्या साली बांधलीय ते आधी सांगा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

थंडी पडायला लागली की पेपरात टूरच्या जाहिराती सुरू होतात, त्यात राजस्थान असतंच असतं, आणि राजस्थान म्हटलं की 'किल्ल्यात राहा, राजासारखे राहा' हे पण असतंच. गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सहा जण असंच एका किल्ल्यात राहायला गेलो होतो आणि तिथं जे झालं ते इतके महिने झाले तरी मनातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे. कापायचं असेल तर माझ्या तक्रारी कापा पण बाबांबद्दलचं राहू द्या, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता.

माझे बाबा नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, आता शहात्तर वर्षांचे आहेत. साल्हेर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. १५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १६७२ ची लढाई तिथली, मराठ्यांनी मुघलांच्या फौजेला उघड्या मैदानात हरवलं ती. बाबा दरवर्षी पोरांना घेऊन जायचे, वर गुहेत मुक्काम करायचे, रात्री शेकोटीभोवती बसवून लढाई सांगायचे आणि पहाटे सगळ्यांना उठवून सूर्य उगवताना कड्यावर नेऊन बसवायचे, मी आणि दादा पण दोन-तीनदा गेलोय त्यांच्याबरोबर. किल्ल्यावर रात्र काढल्याशिवाय किल्ला कळत नाही असं ते म्हणायचे. मग गुडघे गेले. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, चालणं बरं आहे, पण चढायचं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मागच्या पावसाळ्यात आम्ही साल्हेरच्या पायथ्याच्या गावापर्यंत गेलो होतो तर बाबा गाडीतून उतरून तासभर नुसते वर बघत उभे राहिले. घरी येताना दादा म्हणाला, यांना एक रात्र किल्ल्यात झोपता आलं पाहिजे, जिथं गाडी दरवाज्यापर्यंत जाते अशा किल्ल्यात.

तर असे किल्ले राजस्थानात आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. दादानं आणि मी महिनाभर शोधून जोधपूरपासून अडीच तासांवरचं एक हॉटेल काढलं. जुन्या ठाकुरांचा गढ, वेबसाइटवर चारशे वर्षांचा वारसा असं लिहिलेलं, फोटोत लाल दगडाचा झरोका, झरोक्यात गादी, भिंतीवर चितारलेले घोडे, आणि बुरुजावर मांडलेल्या खुर्च्या. बाबांना फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा पुसून परत बघितला. एका रात्रीचे एका खोलीचे ११,५०० रुपये, तीन खोल्या, दोन रात्री, म्हणजे ६९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२,४२०, एकूण ८१,४२० रुपये आम्ही आगाऊ भरले. दादाचा छोटा धंदा आहे, माझी प्रायव्हेट नोकरी आहे, ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही. फोन करून दोन गोष्टी सांगितल्या, आई-बाबांना तळमजल्यावरची खोली हवी आणि सकाळी बुरुजावर जाऊ द्या. तिकडून 'हो सर, हो मॅडम' झालं.

हॉटेलचं नाव मी लिहीत नाहीये. एकतर आपण एकतर्फी बोलतोय, आणि दुसरं म्हणजे परत आल्यावर सोसायटीत आणि ऑफिसात ज्यांना सांगितलं त्यातल्या तिघा-चौघांनी वेगवेगळ्या ठिकाणचे असेच अनुभव सांगितले, म्हणजे हा एका हॉटेलचा प्रश्न नाहीच.

आदल्या दिवशी जोधपूरला मेहरानगड बघितला. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १४५९ साली राव जोधानं पाया घातलेला तो किल्ला आजही राजघराण्याच्या ट्रस्टकडे आहे, १९७२ मध्ये ट्रस्ट केला त्यांनी, आणि काय ठेवलाय म्हणून सांगू! वर जायला लिफ्ट आहे त्यामुळे बाबा आरामात वर गेले. कानाला ऑडिओ गाइड, हिंदीतून, हव्या त्या ठिकाणी थांबून ऐकायचं. येताना हळूहळू उताराच्या रस्त्यानं खाली आलो, तेव्हा भिंतीवर जयपूरच्या सैन्याच्या तोफगोळ्यांच्या खुणा आहेत त्या बाबांनी हात लावून बघितल्या, दरवाज्याचे खिळे बघितले, लोहापोळ या दरवाज्यापाशी सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत तिथं आई एकदम गप्प झाली आणि बराच वेळ बोललीच नाही. माझी मुलगी आठवीत आहे, एरवी फोनमधून डोकं काढत नाही, ती आजोबांना प्रश्न विचारत होती. संध्याकाळी बाबा म्हणाले की उद्या आपण अशाच एका ठिकाणी झोपणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी गढावर पोचलो. दरवाजा खरंच सुंदर होता, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून बसवलेले खिळे, वर नगारखाना, आत शिरताना काटकोनात वळणारी वाट. बाबा तिथंच थांबले आणि नातीला सांगायला लागले की वाट अशी का वळवतात, शत्रूला जोरात धावत येता येऊ नये म्हणून, रायगडाच्या महादरवाज्याला पण बघ वाट सरळ नाही. तेवढ्यात गोल्फकार्टवाला आला आणि म्हणाला बसा, तुमच्या खोल्या मागं आहेत.

मागं म्हणजे गढाच्या तटाच्या बाहेर! पूर्वीच्या घोड्यांच्या पागेच्या पलीकडे बांधलेली दोन मजली इमारत, सिमेंट-विटांची, बाहेरून गुलाबी रंग आणि खिडक्यांवर झरोक्यासारखी दिसणारी कमान चिकटवलेली. आत पीओपीचं सीलिंग, सनमायकाचं कपाट, भिंतीवर किल्ल्याचा छापील फोटो. म्हणजे किल्ल्यात राहायला गेलेल्या माणसाला किल्ल्याचा फोटो लावून दिला. आई-बाबांची खोली पहिल्या मजल्यावर, एकवीस पायऱ्या, कठड्याला हात धरायला धड दांडा नाही. रिसेप्शनला विचारलं तर म्हणाले तळमजला लग्नाच्या पाहुण्यांना दिलाय, आणि झरोक्याच्या खोल्या जुन्या महालात आहेत त्या 'सूट' आहेत, त्यांचा रेट २६,००० आहे, तुम्ही बुक केलंय ती 'हेरिटेज डिलक्स' आहे. मी फोटो दाखवला. 'मॅडम, वो रिप्रेझेंटेटिव्ह फोटो है.' दादानं बुकिंगचं पान परत परत वाचलं, कुठंही लिहिलेलं नाही की ही खोली जुन्या वास्तूत नाही. उलट वर मोठ्या अक्षरात चारशे वर्षं.

लग्न. हो, दोन दिवस तिथं लग्न होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्यांचं त्यांना आनंदाचं, पण मग बाकीच्यांना बुकिंग देताना सांगा ना बाबा की त्या तारखेला लग्न आहे. रात्री साडेबारापर्यंत चौकात डीजे, आवाज इतका की आमच्या खिडकीची काच थरथरत होती, दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम देशात २००० सालापासून आहे आणि तो त्यांना ठाऊक नाही असं मी मानत नाही. आईला बीपी आहे. ती कानात कापूस घालून बसून राहिली.

जेवण तर सोडाच म्हणावं असं होतं पण एक गोष्ट सांगते. मारवाडात गेलं की केर-सांगरी खायची असते, केर हे तिकडच्या काटेरी झुडपाचं फळ आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात, दुष्काळी मुलखातल्या माणसानं शोधलेली भाजी. १,६०० रुपये माणशी 'शाही भोजन' मध्ये ती नव्हती. पनीर बटर मसाला होता, नूडल्स होते, मंचुरियन होतं. नूडल्स आमच्या गल्लीत पण मिळतात.

रात्री गरम पाणी नाही. डिसेंबरातली मारवाडची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना कळेल. गीझर लावला की त्या मजल्याची लाइट जायची, तीनदा गेली. शेवटी एक मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा असेल, किचनमधून बादली भरून गरम पाणी घेऊन आला, तीन खोल्यांना तीन खेपा. तो मुलगा त्या गावचाच. त्याचं नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या नोकरीवर यायला नको. पण त्या दोन दिवसांत आम्हाला जो काही किल्ला बघायला मिळाला तो त्याच्यामुळं.

बाबांनी संध्याकाळी रिसेप्शनला विचारलं होतं की या गढाचा इतिहास सांगणारं कोणी आहे का, किंवा एखादं पुस्तक, माहितीचा कागद. बाबांना जयाप्पा शिंद्यांबद्दल विचारायचं होतं. आपल्या लोकांना पानिपतचे दत्ताजी-जनकोजी माहीत असतात पण दत्ताजींचे थोरले भाऊ जयाप्पा याच मारवाडात मारले गेले, १७५५ साली, नागौरला जोधपूरच्या विजयसिंहाला वेढा घालून बसले असताना छावणीतच खून झाला त्यांचा. त्याच भांडणातून पुढं अजमेर मराठ्यांच्या ताब्यात आलं. त्यानंतर १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या फौजेनं राठोडांचा पराभव केला. म्हणजे तिकडच्या कुठल्याही जुन्या ठिकाण्याच्या, म्हणजे जहागीरदाराच्या, घरात मराठ्यांच्या स्वारीची काही ना काही आठवण असणार, कोणाचा पूर्वज त्यात लढला असणार, खंडणी भरली असणार, आणि ती आठवण आपल्याविरुद्धची असली तरी बाबांना ऐकायची होती. तिकडचे लोक आपल्याकडे कसं बघतात ते मला माझ्या पुस्तकांत मिळालं नाही, असं ते म्हणतात. मॅनेजर म्हणाले, 'सर, वो सब नेट पे मिल जाएगा.' आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले.

पाणी घेऊन आलेल्या त्या मुलानं हे ऐकलं असावं. सकाळी सहाला दारावर टकटक, तो म्हणाला, बाबूजी चलिए, लग्नवाले उठायच्या आत दाखवतो. मी, बाबा आणि माझी मुलगी गेलो. त्याच्या आजोबांनी या गढात घोड्यांची देखभाल केली होती. त्यानं दाखवलं की गच्च्यांना उतार कसा दिलाय, पावसाचं पाणी दगडी पन्हाळीतून खाली उतरून चौकाखालच्या टाक्यात कसं जायचं, या पावसाच्या पाण्याला ते लोक पालर पाणी म्हणतात, पहिल्या पावसाआधी सगळी गच्ची झाडून धुवून घ्यायचे, आणि मग वर्षभर ते पाणी गढावरच्या माणसांना पुरायचं. बाबा एकदम खूश, नातीला म्हणाले, आपल्या गडांवर टाकी कातळात खोदलेली असतात, इथं खाली खडक वेगळा आणि पाऊस कमी म्हणून छपरावरचं पाणी साठवतात, पण डोकं तेच. मग त्या मुलानं टाक्याचं झाकण सरकवून दाखवलं. आत पाणी नव्हतं. तुटक्या खुर्च्या, मंडपाचे बांबू, दारूच्या रिकाम्या बाटल्या. तटाबाहेर स्विमिंग पूल केलाय त्याच्यासाठी रोज टँकर येतो. तो मुलगा खाली मान घालून झाकण परत लावत होता, जशी काही त्याचीच चूक होती.

बुरुज मात्र बघता आला नाही. जिन्याला कुलूप होतं. सूर्योदयाला तिथं नवरा-नवरीचं शूटिंग होतं, बुरुज आणि जुना महाल दोन्ही दिवस लग्नाच्या पार्टीनं 'एक्सक्लुझिव्ह' घेतलेले. मी जाऊन हात जोडून विनंती केली की दहा मिनिटं फक्त, एक वयस्कर माणूस आहे, कोपऱ्यात उभा राहील, फोटोत येणार नाही. नाही म्हणाले. बाबा म्हणाले असू दे, आणि खाली चौकातल्या ओट्यावर बसले, तिथून बुरुजाची नुसती भिंत दिसत होती आणि तिच्यावर हळूहळू ऊन आलं. मी माझ्या बाबांना आयुष्यात फार वेळा हरलेलं बघितलेलं नाही. त्या सकाळी बघितलं.

आता दादाबद्दल. तो नाशकात जुन्या वाड्यांची दुरुस्ती करतो, त्यामुळं भिंत दिसली की तो आधी तिला हात लावतो. जुन्या महालाच्या खालच्या भागात, जिथं लग्नाचा बुफे लावला होता तिथं, त्यानं मला बोलावून दाखवलं. मूळचा चुन्याचा गिलावा काढून वर सिमेंटचं प्लास्टर मारलंय, त्यावर चकचकीत ऑइलपेंट. आणि कंबरेपर्यंत सगळीकडे ओल, पोपडे, पांढरी खार फुटलेली. तो म्हणाला चुना श्वास घेतो, दगडात जमिनीतून जी ओल चढते ती चुन्यातून बाहेर पडून वाळून जाते, सिमेंट लावलं की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग पाण्यातला क्षार दगडातच साठतो आणि दगड आतून भुगा होत जातो. पाच-सहा वर्षं भिंत नवीकोरी दिसते आणि मग पीठ. आपल्याकडं वाड्यांना दगडी घाण्यात दळलेला चुना, गूळ, हिरडा, बेलफळ घालून मळलेला, तसाच तिकडं आराइशचा गिलावा असतो, चुन्याचे थर देऊन घोटून घोटून आरशासारखा करतात, आणि ते काम करणारे कारागीर तिकडं अजून आहेत. महाग पडतं आणि वेळ लागतो, एवढंच. त्यानं जैसलमेरचंही सांगितलं, ११५६ पासूनचा किल्ला, अजूनही माणसं राहतात त्यात, पण आत गेस्टहाउसं वाढली, पाण्याचा वापर वाढला, आणि ते सांडपाणी खालच्या टेकडीत मुरून मुरून काही बुरुज आणि भिंती ढासळल्या. पाहुण्याच्या शॉवरनं किल्ला पडू शकतो ही गोष्ट मला माहीत नव्हती, आणि तेव्हापासून मला वाटतं की अशा ठिकाणी गरम पाण्याची बादली मिळाली तरी चालेल, बाथटब नको, पण मग तसं खरं सांगून द्या, आम्ही आनंदानं बादलीनं अंघोळ करू.

बाबांना त्या ओलीच्या खोलीत (नवीन इमारतीला पण ओल होतीच) खोकला झाला म्हणून दुसरी रात्र न राहता दुपारी निघालो. दुसऱ्या रात्रीचे पैसे परत नाहीत. बिल आलं तर जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला, ९,६०० वर ९६०, आणि 'हेरिटेज मेंटेनन्स फी' म्हणून ३,००० वेगळे, तीन खोल्या, दोन रात्री, ५०० प्रमाणे. टाक्यात बाटल्या आणि भिंतीवर ऑइलपेंट आणि वर मेंटेनन्स फी! सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय, हे दादाला माहीत होतं, वीस मिनिटं वाद घातल्यावर ते ९६० कमी केले. ३,००० नाही केले. परत आल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हॉटेलचं उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या वेळी २० टक्के डिस्काउंट देऊ. पुढच्या वेळी! वाचकांना एक सांगून ठेवते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी राजस्थानात खेटे घालावे लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. आमची कागदपत्रं जमवणं चालू आहे.

कोणी म्हणेल की किल्ल्यात हॉटेल काढणंच चूक. मला तसं वाटत नाही. १९५२ च्या कायद्यानं राजस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या, शेतकऱ्यांच्या दृष्टीनं ते योग्यच झालं, १९७१ मध्ये राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले, आणि एवढ्या मोठ्या वास्तू सांभाळायला कुटुंबांकडे पैसाच उरला नाही. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ मध्ये हॉटेल झाला, उदयपूरच्या तळ्यातला महाल ६३ मध्ये, आणि नीमराणाचा १४६४ चा किल्ला तर पडझड झालेला होता तो दुरुस्त करून १९९१ मध्ये सुरू केला. हॉटेल झालं नसतं तर यातल्या कितीतरी इमारतींत आज वटवाघळं असती. आपल्याकडं खेडोपाडी गढ्या आहेत, बुरुजाची माती लोक घराला नेतात, तिकडं निदान छप्पर शाबूत आहे. तेव्हा पाहुणे ठेवा, पैसे घ्या, लग्नंही करा. पण ज्या जुन्या भिंतीच्या नावानं पैसे घेता ती भिंत त्या पाहुण्याला दिसली पाहिजे आणि ती भिंत टिकली पाहिजे. एवढंच माझं म्हणणं आहे.

यात सरकारला करण्यासारखं आहे. केंद्राच्या पर्यटन खात्याकडे हेरिटेज हॉटेलांचं वर्गीकरण आहेच, १९५० च्या आधीची वास्तू असली तर हेरिटेज, वरच्या वर्गांना १९३५ च्या आधीची. पण ते वर्गीकरण अख्ख्या हॉटेलचं. पाहुणा झोपतो एका खोलीत. त्या खोलीचं साल काय, ती मूळ वास्तूत आहे की मागच्या नव्या इमारतीत, हे बुकिंगच्या पानावर खोलीच्या रेटशेजारीच लिहायची सक्ती करायला कितीसा खर्च येणार आहे? ज्या दिवशी वास्तू लग्नाला दिली त्या दिवशी बाकीच्या पाहुण्यांना पैसे घेण्याआधी कळवायचं. सकाळी एक तास तरी मूळ किल्ला प्रत्येक पाहुण्याला उघडा. आणि गावातली अशी जी मुलं आहेत, ज्यांच्या आजोबांनी तिथं घोडे सांभाळले, त्यांना बादल्या उचलायला लावण्यापेक्षा गाइडचं शिक्षण द्या, पगार द्या, त्याच्याइतका तो किल्ला कोणाला माहीत नव्हता.

आणि हे मी महाराष्ट्राच्या पेपरात का लिहितेय, तर २०१९ चा सप्टेंबर आठवून बघा. आपल्या राज्यातले २५ किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी लीजवर द्यायचं धोरण आलं आणि केवढा गदारोळ झाला, मग सरकारनं खुलासा केला की छत्रपती शिवाजी महाराजांशी संबंधित किल्ले यात नाहीत, असंरक्षित किल्ल्यांचा विषय आहे. तेव्हा आमच्या घरात पण जोरात वाद झाला होता, बाबा विरोधात, दादा बाजूनं, कारण दादा म्हणायचा पडण्यापेक्षा वापरात असलेलं बरं. आता जुलै २०२५ मध्ये साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेलेत. त्यानं पर्यटक वाढणार, पायथ्याला हॉटेलं वाढणार, आणि कधी ना कधी लीजचा विषय पण परत निघणार, बाकीच्या शेकडो किल्ल्यांसाठी तरी निघणारच. त्या वेळी अधिकाऱ्यांनी राजस्थानचे चकचकीत फोटो दाखवून धोरण करू नये. एका साध्या गिऱ्हाइकासारखं जाऊन, आपलं पद न सांगता, दोन रात्री राहून यावं, टाक्याचं झाकण उघडून बघावं, भिंतीला हात लावून बघावा. घरी परत आल्यावर दादा म्हणाला की माझं मत बदललं नाहीये पण आता मी आधी चुन्याचा हिशोब मागीन. बाबा काही बोलले नाहीत.

चांगलं काम होतच नाही असंही नाही. नागौरचा अहिछत्रगड त्याच मेहरानगडच्या ट्रस्टनं दुरुस्त केला, जुन्या पद्धतीनं, जुनी कारंजी आणि पाण्याची व्यवस्था परत उभी करून, आणि त्याला २००२ मध्ये युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं मोठं पारितोषिक मिळालं. हे वाचल्यापासून बाबांच्या मनानं घेतलंय. नागौर म्हणजे जयाप्पा शिंदे जिथं गेले तेच गाव, किल्ला बघायचा आणि त्या जागी जाऊन हात जोडून यायचे असं चाललंय त्यांचं, फेब्रुवारीत थंडी कमी झाल्यावर. वाचकांपैकी कोणी तिकडं जाऊन आलं असेल तर नागौरमध्ये तळमजल्यावरची, कोरडी, गरम पाणी येणारी साधी खोली कुठं मिळेल तेवढं कृपया पेपरातूनच कळवावं. किल्ल्यातली नसली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, नाशिक